ग्राफिक्स कार्डाचा रेडिएटर

तापलेली वस्तू घेऊन येणारा माणूस स्वतःही तापलेला असतो. ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडलेला असतो, मागं उसाची ट्रॉली उभी असते आणि कारखान्यावरची पाळी चुकलेली असते. असा माणूस आला की मी आधी त्याला स्टूल देते, मग त्याचा रेडिएटर बघते. तासगावात सांगलीच्या रस्त्याला आमचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. आधी सासऱ्यांचं होतं, मग नवऱ्याचं, आता माझं. मी चौथी शिकलेली आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला स्वयंपाक नीट येत नव्हता, अजूनही बेताचाच येतो. कथील वितळवून सांधा जोडायला, म्हणजे डाग द्यायला, मात्र वर्षभरात शिकले.

नवरा गेल्यावर विधवेनं घरात बसायचे इद्दतीचे दिवस संपले आणि दुसऱ्या दिवशी मी शटर वर केलं. लोक म्हणाले, आता ही बाई काय करणार? बाई आधी जे करत होती तेच करणार होती. फक्त पुढं खुर्चीत बसून गिऱ्हाइकाशी बोलणारा माणूस नव्हता. ते कामही मग मीच करायला लागले. गिऱ्हाइकं म्हणतात मी तोंडानं फटकळ आहे. ती परत येतात, म्हणजे त्यांना चालत असावं.

ज्यांच्या अंकासाठी हे सांगतेय त्यांना ट्रॅक्टरचं नको, कम्प्युटरचं हवं आहे. रेडिएटरवाली म्हातारी कम्प्युटरचं कार्ड थंड करते याची त्यांना गंमत वाटते. मला वाटत नाही. काम एकच आहे.

सुरुवात संभाजीनं केली. संभाजी आमच्या मागच्या गल्लीत लग्नाचे व्हिडिओ करतो. एके दिवशी फुटपट्टीएवढी लांब एक वस्तू टॉवेलात गुंडाळून घेऊन आला.

"चाची, ह्ये बगा जरा. लय तापतंय."

"कुठल्या गाडीचं?"

"गाडीचं न्हाई वो. कम्प्युटरचं हाय. ग्राफिक्स कार्ड."

"मग कम्प्युटरवाल्याकडं जा."

"गेलतो. त्यो म्हंतोय, नवीन घ्या."

मी वरचं प्लास्टिकचं झाकण काढलं आणि बघतच राहिले. आत एक छोटा रेडिएटर होता. तांब्याच्या चार नळ्या, त्यांच्यावर पत्र्याच्या पातळ पात्यांची रांग, वर दोन पंखे. पात्यांमध्ये पापडाएवढा जाड धुळीचा थर बसला होता. उसाच्या शेतातून आलेल्या ट्रॅक्टरची जाळी अशीच पाचटाच्या भुशानं भरून येते.

आता हे कसं चालतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कम्प्युटरात चित्रं काढायचं काम या कार्डावर होतं. कार्डाच्या मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढी एक चकचकीत चिप असते. सगळं राबणं तिचं, सगळी उष्णता तिची. ती उष्णता चिपेवरून धातूच्या ठोकळ्यात जायला हवी, ठोकळ्यातून पात्यांमध्ये आणि पात्यांमधून वाऱ्यात. चिप आणि ठोकळा यांच्यामध्ये केसाएवढी फट राहिली तरी उष्णता अडते, म्हणून तिथं एक मलम लावतात. त्याला पेस्ट म्हणतात. ती दोन-तीन वर्षांत वाळून चुन्याच्या पोपड्यासारखी होते. मग चिप तापते, पंखे कोकलतात आणि शेवटी कार्ड स्वतःला वाचवायला बंद पडतं. कंपनी देते तो पंखा थंड हवेच्या खोलीसाठी केलेला असतो. आमच्याकडच्या पत्र्याच्या खोल्या त्यानं बघितलेल्या नसतात. म्हणून वेगळा, मोठा कूलर, म्हणजे ठोकळा, पात्या आणि पंखे मिळून, बसवायचा. तो विकत मिळतो, पण जुन्या कार्डाला त्याची भोकं जुळत नाहीत. भोकं जुळवणं हे माझं काम.

संभाजीच्या कार्डाच्या पात्या मी फणीनं सरळ केल्या, पेस्ट नवी लावली, कंपनीचे दोन छोटे पंखे काढून टाकले आणि तळहाताएवढे दोन मोठे पंखे पट्ट्यांनी बांधले. मोठा पंखा सावकाश फिरतो, वारा जास्त देतो आणि ओरडत नाही. कार्ड फार छान थंड झालं. आणि मग मी सवयीनं एक गोष्ट केली. आमच्या धंद्यात रेडिएटर दुरुस्त झाला की त्याला काळा रंग मारून देतात. रंगाशिवाय दिलेला रेडिएटर गिऱ्हाइकाला अर्धवट वाटतो. मी कार्डाच्या पात्यांना झकास काळा रंग मारला.

दुसऱ्या दिवशी संभाजी दारात.

"चाची, स्क्रीनवर नवरी हळदीला बसलीया आन खोलीत डांबराचा वास! घरची इचारत्यात, काय जळतंय का?"

"वास जाईल चार दिवसांत."

"आन तापतंय बी पयल्यागत!"

बारीक पात्यांमधल्या फटी रंगानं बुजल्या होत्या. सगळा रंग मी थिनरनं धुतला, दोन दिवस गेले. संभाजी अजून लोकांना सांगतो. पण तोंडोतोंडी तोच माझी जाहिरात करत गेला, त्यामुळं मी काही बोलत नाही.

मग कार्डं यायला लागली. जास्त करून शहरातून जुनी म्हणून आलेली, कुणीतरी वर्षानुवर्षं चोवीस तास राबवून विकलेली. एकानं पेस्टच्या जागी ट्रॅक्टरचं ग्रीस भरून आणलं होतं, तो मेकॅनिक होता, त्याच्याही हाताला सवय. म्हसवडहून एकजण एसटीनं आला, कार्ड जेवणाच्या डब्यात. म्हणाला, पंख्यांना लाल-निळे दिवे हवेत. मी म्हटलं, दिव्यांनी थंड होत नाही. तो म्हणाला, "थंड न्हाई झालं तरी चालंल चाची, पण खोलीत अंधार केल्यावर दिसाय पायजे." त्याला मी दिवे लावून दिले. थंड पण करून दिलं, त्याला न सांगता.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती अश्विनीची. त्यात चूक माझी आहे, म्हणून पूर्ण सांगते.

संक्रांतीच्या आधी एक निवृत्त सुभेदार आणि त्यांची मुलगी दुकानात आले. तासगावजवळच्याच एका खेड्यातले. द्राक्षाची बाग, बेदाण्याचं शेड. सुभेदार ताठ, मिशा पांढऱ्या, शर्टाची इस्त्री मोडलेली नाही. मुलगी अश्विनी, चोवीस-पंचवीसची. तिच्या हातात कार्ड होतं, आणि ती ते बापाकडं द्यायला तयार नव्हती.

अश्विनी न बांधलेल्या घरांची चित्रं करते. नकाशा द्यायचा, मग ती कम्प्युटरमध्ये घर उभं करते आणि आपण त्यात चालत फिरतोय असा सिनेमा बनवते. पुण्याच्या एका कचेरीनं तिला तीन कामं परीक्षेसाठी दिली होती. तिन्ही वेळेवर झाली तर वर्षभराचं काम, तेही घरी बसून. एक जरी चुकलं तर दुसरं कुणी. पहिलं काम तिनं कसंबसं पोचवलं होतं. पण कार्ड दर वीस मिनिटांनी बंद पडायचं, आणि बंद पडलं की चालू असलेलं चित्र पुन्हा पहिल्यापासून.

सुभेदार मला म्हणाले, "आवं, आमच्या टायमाला गाडी तापली की आमी इंजन बंद करून झाडाखाली बसायचो. हिला तेच सांगतोय, दमानं घे."

अश्विनी म्हणाली, "अप्पा, झाडाखाली बसून पुण्याचं काम हुत न्हाई."

"मग नगं करू. बागंत काम कमी हाय का?"

"बागंचं काम मी करतेच की. ह्ये माझं हाय."

मला मुलगी आवडली. मी म्हटलं, "चार दिवसांनी या."

त्या कार्डाला बाजारातला कुठलाच कूलर बसत नव्हता. मी ठरवलं, घरचाच करायचा, आणि तांब्याचा करायचा. तांब्याएवढी उष्णता ओढणारा स्वस्त धातू दुसरा नाही, हे मला सासऱ्यांनी शिकवलं. मी जाड तांब्याचा तुकडा घेतला, काचेवर सँडपेपर ठेवून आरशासारखा सपाट घासला. त्यावर एकेक पाती उभी करून कथलानं डाग दिला. चाळीस पात्या. वजन भरपूर झालं, कार्ड वाकायला लागलं, म्हणून खालून पत्र्याचा टेकू दिला. या वेळी रंग मारला नाही. चिंचेनं घासलेल्या घागरीसारखं ते लखलखत होतं. दुकानात तपासायला ठेवलेल्या जुन्या कम्प्युटरवर लावून बघितलं, कार्ड नव्वद अंशांवरून पासष्टवर आलं.

अश्विनी स्क्रीनवरचा आकडा बघत राहिली. मी छाती पुढं काढून म्हणाले, "दहा वर्षं बघायला नको."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते नंतर गिळावं लागलं.

दुसरं काम तिनं वेळेच्या आधी दिलं. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, पुण्याचं काम माझ्या तांब्यावर चाललंय. तिसरं काम सगळ्यात मोठं होतं, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी पोचवायचं. पाडवा सहा दिवसांवर असताना तिचा फोन आला.

"चाची, परत बंद पडतंय."

"धूळ काढतेस का?"

"दर रविवारी."

"मग कुणी पोरानं हात लावला असंल."

"घरात प्वार न्हाई, चाची."

"मग तूच काय तरी केलं असशील. तांबं असं तापत न्हाई."

ती म्हणाली, "तुमी दहा वर्षं म्हणाला हुता. तीन म्हयनं बी झालं न्हाईत."

मी फोन ठेवला. मला राग आला होता, कारण ती खरं बोलत होती. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नाही हा आमच्या दुकानाचा नियम आहे. घरी गेलं की चहा होतो, चहा झाला की खरं बोलता येत नाही. तो नियम मोडून मी एसटी पकडली.

गावात उतरून त्यांच्या फाटकाशी पोचले आणि नाकाला झोंबलं. डोळ्यांत पाणी आलं. मी तिथंच थांबले. मला आत जायचीही गरज नव्हती. काय झालं असेल ते मला फाटकातच कळलं होतं.

बेदाणा पिवळा दिसावा म्हणून बंद खोलीत गंधक जाळून त्याची धुरी देतात. हंगामात तासगावच्या आसपास हे सगळीकडं चालतं. धुरी झाली की खोलीचं दार उघडतात आणि तो वास वर चढतो. अश्विनीचा कम्प्युटर धुरीच्या खोलीच्या बरोबर वरच्या खोलीत होता. आणि गंधकाचा धूर तांब्याला खातो, चांदीलाही काळं करतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बेदाणा वाहणाऱ्या गाड्यांचे रेडिएटर काळे पडून येतात, आणि त्यांच्या ड्रायव्हरांना मीच सांगते की शेडजवळ गाडी उभी करू नका. ट्रॅक्टर आला की मी आधी विचारते, कुठं चालतो? वीटभट्टीवर की उसात? या मुलीला मी विचारलंच नाही की कम्प्युटर कुठं ठेवलाय. कम्प्युटर म्हणजे टेबलावरच असणार, एवढंच माझ्या डोक्यात.

वर गेले. कम्प्युटरची पेटी उघडली. माझी घागरीसारखी लखलखीत वस्तू तव्यासारखी काळी झाली होती. सांध्यांना हिरवट पूड आली होती, बोट लावलं की काळे पोपडे पडत होते. ते पोपडे पात्यांमध्ये अडकून वाराच बंद. काही पात्या डागापासून सुटून डुलत होत्या. शेजारी अश्विनी उभी होती. तिच्या पायातले चांदीचे पैंजण पण काळेकुट्ट. माझ्या दुकानात आली तेव्हाही तिच्या पायात हेच होते, मी बघितलं नव्हतं.

"माझी चूक," मी म्हटलं. "तुजी काय न्हाई. फोनवर बोलले त्ये इसर."

सुभेदार जिन्यात उभे होते. ते म्हणाले, "पल्टणीत एवढ्या लवकर कोन कबूल करत न्हाई."

"मी पल्टणीत न्हाई. कम्प्युटर हितनं हलवा. दुसरी खोली कुठली हाय?"

दुसरी खोली नव्हती. हंगामात घर बेदाण्याच्या खोक्यांनी भरलेलं. स्वयंपाकघरात वाफ आणि फोडणी. धुरीच्या खोलीपासून लांब, खाली पलीकडच्या अंगाला एकच खोली होती, ती सुभेदारांची. मी दारातून बघितली. लोखंडी खाट, चादर ताणून घातलेली, भिंतीला काचेच्या चौकटीत पदकं. चौकटीवर धुळीचा कण नाही.

"ह्या खोलीत ठेवा," मी म्हणाले.

"ही माजी खोली हाय."

"तुमी वर झोपा. हंगामापुरतं."

"चाची," सुभेदार अगदी सावकाश म्हणाले, "तेवढं सोडून बोला. ह्या खोलीतलं काय हलायचं न्हाई."

अश्विनी वरच्या खोलीत परत गेली. ती तारा काढायला लागली. मी म्हटलं, "समदं काढ. स्क्रीन बी घे. माझ्या दुकानात चल."

बेदाण्याच्या खोक्यांच्या गाडीतच आम्ही कम्प्युटर तासगावला आणला. पाच दिवस राहिले होते.

तांबं बाद. कूलर ॲल्युमिनियमचा करायला हवा होता. त्याला गंधक तेवढं धरत नाही. माझ्याकडं एक जळालेलं वेल्डिंगचं मशीन पडून होतं. त्याच्या पोटात ॲल्युमिनियमचा पात्या-पात्यांचा एक दांडगा ठोकळा असतो. तो काढला, करवतीनं कापला, काचेवर घासला, चार भोकं पाडली. तीन जुळली, चौथं दाण्याएवढं बाजूला. गोल कानशीनं लांबट करून घेतलं. दिसायला तो फार कुरूप होता. अश्विनी म्हणाली, "चाची, ह्ये दारात ठिवलं तर मानूस ठेचकाळंल."

पहिल्यांदा बसवला आणि चालू केलं तर आकडा दोन मिनिटांत पंचाण्णव. बंद केलं. तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांब. कूलर उचलायचा आणि पेस्टवर उमटलेला ठसा बघायचा, हे या कामातलं खरं कौशल्य. ठसा चिपेएवढा पूर्ण उमटला तर बैठक बरोबर. इथं फक्त एका कोपऱ्यात उमटला होता. चिपेच्या भोवती छोट्या छोट्या चिपा असतात, त्यांच्यावर मऊ रबरासारख्या पट्ट्या ठेवतात. मी ठेवलेल्या पट्ट्या जाड होत्या. कूलर त्यांच्यावरच टेकला होता, मुख्य चिपेपर्यंत पोचलाच नव्हता. पातळ पट्ट्या घातल्या, पुन्हा आवळलं, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करून. चालू केलं. सत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर. तिथंच राहिला.

"थांबला," अश्विनी म्हणाली.

"थांबणारच," मी म्हणाले. दहा वर्षांचं काही बोलले नाही.

पुढचे चार दिवस ती सकाळी एसटीनं यायची. कामाच्या फळकुटावर एका बाजूला माझा गॅस आणि डाग द्यायचं सामान, दुसऱ्या बाजूला तिचं घर. ते घर कुणा डॉक्टराचं होतं, अजून पाया पण खणलेला नव्हता. स्क्रीनवर मात्र दार उघडायचं, जिना चढायचा, गच्चीवर ऊन पडायचं. ट्रॅक्टरवाले रेडिएटर टाकून घरी जायचे ते सगळे आता थांबायला लागले. माझ्या दुकानात स्टुलं दोनच आहेत. लोक टायरवर बसायचे.

"पोरी, ह्या घरात म्हस कुठं बांदायची?"

"डॉक्टर हायत त्ये, काका. म्हस न्हाई त्येंच्याकडं."

"म्हस न्हाई आन एवढं मोठं घर?"

"आन दळान कुठं ठिवायचं?"

"स्वयंपाकघराला लागून खोली हाय, बगा. आत्ता दाखवते."

"थांब, थांब, माग घे. त्यो जिना पुन्यांदा दाव."

एकानं सांगितलं की गच्चीचा कठडा बुटका आहे, नातवंडं पडतील. अश्विनीनं नकाशा काढून बघितला, पुण्याला फोन केला. कठडा खरंच चुकीचा मांडला होता, त्यांच्याच माणसानं. मी त्या ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, तुझा रेडिएटर आधी करून देते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचं चित्र झालं. मग ते सगळं पुण्याला पाठवायचं. तिच्या मोबाइलवरून इंटरनेट, आणि स्क्रीनवर एक हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकत होती. सहा-सात माणसं ती पट्टी बघत उभी. एकानं बिडी काढली, मी त्याला बाहेर घालवलं. पट्टी अर्ध्यावर आली तेव्हा सुभेदार आले. मुलीला न्यायला आले असतील. त्यांनी मागं हात बांधले आणि तेही उभे राहिले, पट्टी पूर्ण होईपर्यंत. जवळजवळ तासभर. स्टूल दिलं तर बसले नाहीत.

"गेलं," अश्विनी म्हणाली.

टायरवरचा एकजण टाळ्या वाजवायला लागला. सुभेदारांनी पंख्यांवर, माझ्या कुरूप ठोकळ्याजवळ, हात धरला आणि मला विचारलं, "चार दिस ह्ये बंद केलंच न्हाई?"

"न्हाई."

"झाडाखाली न्हाई बसलं?"

"झाडच त्याच्या डोक्यावर बसवलंय," मी म्हणाले.

ते हसले नाहीत. पण त्यांनी कम्प्युटरची पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवली, मुलीला हात लावू दिला नाही. मी बजावलं, ही परत वरच्या खोलीत नेऊ नका. अश्विनीनं बापाकडं बघितलं. बाप गाडीचा दोर बांधत होता.

पाडवा झाल्यावर आठ दिवसांनी अश्विनी पेढे घेऊन आली. वर्षाचं काम लागलं होतं. मी दोन पेढे खाल्ले. कम्प्युटर कुठं ठेवलाय ते विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण समोर एक ट्रॉलीवाला तापून उभा होता आणि पुढं बोलणं राहून गेलं. माझी खात्री होती, तो वरच्या खोलीतच गेला असणार. ती ताणलेली चादर मी बघितली होती. म्हणून कार्ड कधी परत येतंय याची मी वाट बघत राहिले. पावसाळा गेला, दिवाळी गेली, बेदाण्याचा दुसरा हंगाम सुरू झाला, धुरी सुरू झाली. कार्ड आलं नाही. मी मनाशी म्हणाले, माझं ॲल्युमिनियम लय भारी निघालं. लोकांनाही सांगायला लागले. गंधकाच्या धुरात वर्षभर चाललंय, बघा. म्हातारपणी सुद्धा माणसाची फुशारकी जात नाही.

तांब्याचा तो काळा कूलर मी मोडीत टाकलेला नाही. दुकानात गल्ल्याच्या वर खिळ्याला लटकवलाय. कुणी कसलंही कार्ड आणलं की आधी मी त्याच्याकडं बघते आणि मग विचारते, कुठं ठेवणार? परवा औंधहून एकजण आला. म्हणाला, देवघरात ठेवतो, तिथं जागा आहे. विचारलं, ऊद-धूप किती वेळा? तर दोन वेळा. मी म्हटलं, "देवाला हलव म्हनायचा मला हक्क न्हाई. कम्प्युटर हलव." त्यानं ऐकलं.

यंदा पाडव्याच्या थोडं आधी सुभेदार एकटेच दुकानात आले. तशीच इस्त्री. हातात मोठ्या रुमालाची गाठ होती. मला वाटलं, कार्ड. म्हटलं, आलं शेवटी.

त्यांनी गाठ सोडली. आत पदकं होती. पाच. सगळी काळवंडलेली.

"चाची, ह्ये निघंल का?"

मी एक उचललं, नखानं खरवडून बघितलं. खालचा धातू चांगला होता. "निघंल. फिती काढून ठिवाव्या लागतील. कुठं ठिवली हुती?"

सुभेदार रस्त्यावरच्या ट्रॅक्टरकडं बघत होते.

"वरच्या खोलीत."

"तिथं कशाला नेली?"

"आवं, मी तिथं झोपतोय तर ती बी तिथंच आसनार की."

"कवापास्नं?"

"गेल्या पाडव्यापास्नं," ते म्हणाले. "पोरीला आवाज चालत न्हाई काम करताना. खालची खोली निवांत हाय."

मी वर खिळ्यावरच्या काळ्या कूलरकडं बघितलं नाही. त्यांच्यापुढं स्टूल सरकवलं. या वेळी ते बसले. मग मी आत जाऊन चिंच भिजत घातली.